बाजेचं जेल

१

खुंटीवरचं नवं परकर-पोलकं गायब होतं.

साळूबाईनं आधी खुंटी चाचपली, मग खालची कणगी सरकवून पाहिली, मग घडी घातलेल्या सगळ्या घोंगड्या एकेक करून झटकल्या. सकाळी कापूस वेचायला जाण्याआधी तिनं स्वतःच्या हातानं ते अडकवलं होतं. हिरवा परकर, लाल पोलकं. नंदाला पहिल्यांदाच असं नवंकोरं शिवलं होतं, आणि तेही बापाला दाखवायला.

"आक्का!" तिनं हाक मारली. "पोरीचे कपडे गेले!"

साखराबाई परसातून धावतच आत आली. ती साळूबाईची थोरली नणंद, शहागडची. तिच्या नवऱ्याची गोदावरीवर नाव होती, आणि नावेत बसलेला माणूस पैलतीर येईस्तोवर आपल्या घरचं सगळं हिच्यापाशी सांगून मोकळा होतो, अशी तिची ख्याती होती. भाचीला बापाकडं न्यायचं ठरलं म्हटल्यावर ती आपण होऊन चिंचखेडला आली होती. मंठ्याजवळचं हे तिचं माहेर.

गोष्ट निजामाच्या अमलातली, एकोणीसशे चौतीसच्या आसपासची. साळूबाईचा नवरा पुंजाराम औरंगाबादच्या जेलात होता. गावच्या रामराव पाटलाचं खळं पेटवल्याचा आरोप त्याच्यावर शाबीत झाला होता. आदल्या दिवशी पुंजारामची मेंढरं पाटलाच्या रानात शिरली होती, दोघांची बाचाबाची झाली होती, आणि दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला खळं धडधडून पेटलं. जवळच पुंजारामची चकमकीची पिशवी सापडली. साळूबाईनं रंगीत दोऱ्यांनी शिवलेली ती पिशवी सगळं गाव ओळखत होतं. अदालतीत पुंजाराम एवढंच बोलला, "पिशवी माझी हाय." त्यापुढं त्यानं तोंड उघडलं नाही. पाच वर्षांची सजा झाली. त्याला आता दोन वर्षं होत आली होती.

तेव्हा चार वर्षांची असलेल्या नंदाला सांगितलं होतं, बा हैदराबादेला चाकरीला गेलाय. पण आता पुंजारामनं एका सुटून आलेल्या माणसाबरोबर निरोप धाडला होता, पोरीला एकदा दाखव. म्हणून गेल्या आठवड्यात साळूबाईनं लेकीला मांडीवर घेऊन खरं काय ते सांगून टाकलं. नंदा रडली नाही. उलट तिचे डोळे चमकले. "मंग चल की! कधी जायचं?"

उद्या सकाळी बैलगाडीनं परतूर, तिथून आगगाडी, परवा जेलात मुलाखत, म्हणजे कैद्याची भेट. साळूबाई आठवडाभर बोटांवर दिवस मोजत होती. आणि आता हे.

"अपशकुन हाय हा," दारातून आवाज आला. सासू, आसराबाई. "मी आधीच म्हनलं व्हतं. लेकराला त्या जागी नेऊ नका."

साखराबाईचं मात्र लक्ष खुंटीकडं होतं. शेजारच्याच खुंटीवर साळूबाईचं नवं इरकली लुगडं होतं, तसंच्या तसं. खाली दशम्या आणि तिळाच्या लाडवांचं गाठोडं होतं, तेही न सुटलेलं.

"महागाचं लुगडं सोडलं, खायाचं सोडलं," ती पुटपुटली. "आन वीतभर पोरीचे कपडे नेले. साळू, हा पोटासाठी चोरी करनारा मानूस न्हाई."

"मंग कशासाठी केली?"

साखराबाईनं आजूबाजूला पाहिलं आणि एकदम विचारलं, "नंदी कुठाय?"

नंदा घरात नव्हती. अंगणात नव्हती. विहिरीवरही नव्हती.

२

ती सापडली मेंढरांच्या वाड्यात. दोन कोकरांच्या मधोमध, अंगावर घोंगडी ओढून बसलेली.

"मी येनार न्हाई," घोंगडीतून आवाज आला.

साळूबाई खालीच बसली. सकाळपर्यंत ही पोर "आज जायचं का? आत्ता जायचं का?" म्हणून पिच्छा पुरवत होती. "काहून गं? बाला भेटायचं न्हाई?"

"भेटायचंय. पण तिथं गेलेल्या पोरीला भाईर सोडत न्हाईत. केस भादरतात आन कोंडून ठेवतात."

"कोन म्हनलं असं?"

नंदानं ओठ घट्ट मिटले. साळूबाईनं पुन्हा विचारलं, चुचकारलं, डोळे वटारले. पोर ढिम्म हलली नाही.

साखराबाईनं भावजयीला मागं ओढलं आणि मोठ्या आवाजात म्हणाली, "राहू दे. आपन दोघी जेल-जेल खेळू. हिला न्हाई घ्यायचं."

तिनं अंगणातली बाज उभी केली, भिंतीला टेकवली आणि स्वतः बाजेच्या मागं जाऊन बसली. दोरीच्या विणीतून तिचं मोठं कपाळ आणि नथ तेवढी दिसत होती. थोड्या वेळानं घोंगडी हलली. मग दोन डोळे बाहेर आले. मग अख्खी नंदा.

"काय करून राह्यलीस आत्या?"

"मी तुझा बा हाय. हे जेल हाय. ह्या दोऱ्या म्हंजे लोखंडाचे गज. तू भाईर, मी आत. तू आत येतच न्हाईस, तर तुला कोंडतील कसं?"

नंदानं बाजेभोवती फेरी मारून खात्री करून घेतली. "केस?"

"बाचे भादरलेले असतील. डोक्याचा नुसता गोटा. हसायचं न्हाई."

"मी हसनार!"

"बरं, हास. भिंत लई उंच असंल. दारावर शिपाई असंल, मोठ्या मिशांचा. पण त्याच्या घरी बी तुझ्यासारखी पोर असंल. तो दार खणकन लावील, तेव्हा दचकायचं न्हाई. लाव गं साळू दार!"

साळूबाईनं तांब्यावर पळी आपटली. नंदा दचकली, मग खदखदून हसली. "पुन्ना!"

आणखी तीनदा तांब्या वाजला. नंदाची भीती कुठल्या कुठं गेली. ती बाजेला नाक लावून बसली आणि बाला काय काय सांगायचं ते सांगू लागली. दात पडला. काळीला दोन कोकरं झाली. भुजंगकाकानं तिला वेताळटेकडीवर नेलं.

"आनखी?" साखराबाईनं बापाचा जाडा आवाज काढून विचारलं.

"आनखी एक हाय. ते कानात सांगायचंय."

साखराबाईनं बाजेला कान लावला. नंदा जवळ आली, तिनं तोंडाशी हात नेला, आणि थबकली.

"तू बा न्हाईस," ती म्हणाली. "ते बालाच सांगायचंय. मायला बी न्हाई. तसंच ठरलंय." आणि उड्या मारत कोकरांकडं पळाली.

साखराबाई बाजेमागून उठली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं होतं.

"साळू," ती हळूच म्हणाली, "चोर कपड्यांमागं न्हाई. पोर बाच्या कानात जे सांगनार हाय ना, त्याच्या मागं हाय."

३

"हे बघ," साखराबाईनं चुलीपुढं बसून सांगितलं. "तू एकटी दोनदा जेलात जाऊन आलीस. कुनी अडवलं?"

"न्हाई."

"कुनी कपडे नेले? भ्या घातलं?"

"बिलकुल न्हाई."

"मंग आत्ताच काहून? आता पोर चाललीय म्हनून. पोरीपाशी अशी काही गोष्ट हाय, जी तिला निसती गंमत वाटती, पण पुंजारामनं ऐकली की त्याला सारा उलगडा होईल. आन हे कुनाला तरी पक्कं ठाऊक हाय."

दोन वर्षं साळूबाई लेकीला कुशीत घेऊन झोपली होती. "मी विचारते तिला. आत्ताच विचारते!"

"सांगनार न्हाई ती. आन दाबलं तर घाबरून भलतंच बोलंल. आधी हे सांग, सकाळपासनं घरात कोन कोन आलं?"

साळूबाई रानात गेली तेव्हाचं तिला आसराबाईनं सांगितलं होतं. फार कोणी आलं नव्हतं. आसराबाई घरचीच. पुंजारामचा धाकटा भाऊ भुजंग न्याहारीला आला होता. पाटलाचा कारभारी बद्रीनाथ गुळाची ढेप घेऊन आला होता, पुंजारामला द्या म्हणून. पुंजाराम जेलात गेल्यापासून गावात एवढा एकच माणूस त्यांची विचारपूस करत असे. आणि खुद्द रामराव पाटील अंगणात येऊन, मेंढरं पुन्हा बांधाला लागली म्हणून ओरडून गेला होता.

साखराबाईनं पदर खोचला. तिला आता चैन पडेना.

आसराबाईनं सरळ सांगितलं, "व्हय, पोरीनं जाऊ नये असंच मला वाटतं. बापाला तशा हालात बघितलेलं लेकरू इसरत न्हाई. पण मला अडवायचं असतं तर मी दारात आडवी पडले असते. चोरून कपडे कशाला नेऊ?"

साखराबाईला ते पटलं. तिची आई आयुष्यात कधी चोरून काही करू शकली नव्हती, भांडणसुद्धा.

भुजंग गाडीच्या आसाला वंगण लावत होता. दोन वर्षं कळप त्याच्याच हाती होता. भाऊ सुटून आला असता तर निम्मी मेंढरं द्यावी लागली असती. "तुला वाटत असंल मी नेले," तो वर न बघता म्हणाला. "गावालाबी वाटतं. पण आक्का, पोर दादाला भेटावी म्हनून मी बैलांना आठ दिस कामाला जुंपलं न्हाई." त्यानं पुन्हा वंगणात बोट बुडवलं. तो काही तरी गिळत होता, पण ते कपट नव्हे, एवढं साळूबाईलाही कळलं.

पाटलाच्या मळ्यात जायला मात्र साळूबाईचे पाय धजेनात. साखराबाई पुढं आणि ती पाठीमागं. रामराव खाटेवर बसला होता, शेजारी बद्रीनाथ.

"कपडे? मला काय करायचेत पोरीचे कपडे?" रामराव कडाडला. "माझं सारं खळं गेलं तुझ्या भावापायी! साऱ्या सालाची ज्वारी. राखेत हात घालघालून बघितलं मी. एक दाना हाती लागला न्हाई. जळका सुद्धा न्हाई! निस्ती कडब्याची राख."

"जळका दाना बी न्हाई?" साखराबाईनं विचारलं.

"न्हाई म्हनलं ना!"

बद्रीनाथनं मध्येच समजुतीच्या सुरात म्हटलं, "बाई, जाऊ द्या. मी म्हणतो, लेकराला कशाला ती दगदग? माझ्या घरी ठेवा. आमची घरवाली तुळजाबाई पोटच्या पोरीसारखी बघंल. साळूबाईंनी तेवढं भेटून यावं."

"तुमची मेहेरबानी," साखराबाई म्हणाली. "पण पोरीला शिकवून राह्यलो आमी. तुमी अदालत बघितलीय, जेलातल्या रीती तुमाला ठाऊक. दिवस मावळायच्या आत जरा आमच्याकडं या. पोरीचं भ्या मोडंल."

बद्रीनाथनं पागोटं सारखं केलं. मग हसून मान डोलावली आणि बैलांकडं गेला. तो लांब गेल्यावर साखराबाई पाटलाच्या खाटेजवळ वाकली.

"पाटील, तुमची ज्वारी जळलीच न्हाई. ती कुठं गेली हे कळायला पाहिजे असंल तर तुमी बी या. पण कुनाला बोलू नका."

रामराव खाटेवरून ताडकन उभा राहिला.

४

उन्हं कलती झाली तेव्हा अंगणात बाज पुन्हा उभी राहिली. नंदा तर हरखून गेली होती. आता खेळायला सगळी मोठी माणसं आली होती.

"प्रत्येकानं बा व्हायचं," साखराबाईनं जाहीर केलं. "पोरीला सराव झाला पाहिजे."

आसराबाई आधी नाही नाही म्हणाली. मग बाजेमागं बसली आणि दोरीतून नातीचा चेहरा दिसताच तिला हुंदका फुटला. "बा रडत न्हाई," नंदानं तिला दटावलं. भुजंग बसला तेव्हा नंदानं दोरीतून बोट घालून त्याची मिशी ओढली. पाटील कुडाला टेकून उभा होता, कपाळाला आठ्या घालून.

"आता बद्रीकाका," साखराबाई म्हणाली.

"मी कशाला? मी सांगतो ना रीत—"

"बसा हो. पोरीची हौस."

बद्रीनाथ बसला. नंदा बाजेजवळ गेली. या वेळी ती हसली नाही, नाचली नाही. तिनं एकदा मागं वळून आईकडं पाहिलं, मग दोरीला तोंड लावलं आणि ओठांवर बोट ठेवलं. पण लहान मुलाचं कुजबुजणं केवढं असणार. साऱ्या अंगणाला ऐकू गेलं.

"बद्रीकाका, मी कुनालाच न्हाई सांगितलं हां. मायला बी न्हाई. पण बाला तर सांगनार. तुमी आज नको म्हनले, पण त्याचंच हाय ना ते?"

बद्रीनाथ उठला तेव्हा बाज कलंडली. "पोरकट खेळ! मला कामं हायेत."

"थांबा," साखराबाई आडवी आली. "आज घरात आलेल्या मानसांत पोर एकाच मानसाशी दबून बोलली. भुजंगशी न्हाई, आईशी न्हाई. ह्या पोरीचं कुनाशी गुपित हाय हे मला तवाच कळलं, जवा तिनं भ्या घालनाराचं नाव बी सांगितलं न्हाई. गुपित राखायची सवय तिला कुनी तरी आधीच लावली व्हती. आता तुमचं ऐका, पाटील. ज्वारी जळाली की दान्यांचा कोळसा मागं राहतो. तुमच्या राखेत तो न्हवता. म्हंजे आग लागायच्या आधीच ज्वारी खळ्यावरून गेली व्हती. खळं कुनाच्या ताब्यात व्हतं?"

रामरावचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. "बद्रीनाथ," तो म्हणाला. "आगीच्या आदल्या दिवशी तू म्हनलास, मळनी अर्धीच झाली, खळ्याकडं येऊ नका, बैल बुजतात."

"मालक, ह्या बाईचं ऐकता?"

"ज्वारी कुठाय?"

बद्रीनाथनं फाटकाकडं पाहिलं. तिथं भुजंग उभा राहिला होता. मग त्याचं अवसान गळालं. तो खाली बसला. ज्वारी त्यानं जालन्याच्या बाजारात विकली होती, हे त्यानं कबूल केलं. कडब्याची गंजी पेटवली, हेही कबूल केलं. "पण चकमक मी नेली न्हाई. ती पुंजारामचीच तिथं पडली. तो रोज तिथून जायचा. इचारा कुनालाबी."

तो हुशार होता. ज्वारीचा गुन्हा मालकापुरता होता, हातापाया पडून मिटला असता. एका निरपराध माणसाला अडकवल्याचा गुन्हा मात्र मिटणारा नव्हता.

साळूबाई लेकीपुढं गुडघ्यांवर बसली. "नंदे, माझी बाय, सांग गं. काय ठरलं व्हतं?"

नंदाचा चेहरा रडवेला झाला. ती आईकडं बघे, बद्रीनाथकडं बघे.

साखराबाईनं साळूबाईचा खांदा धरला. "नको. दोन सालं जपलंय तिनं बाचं म्हनून. तिचा शब्द आपन मोडायचा न्हाई. ज्याचं हाय त्यालाच सांगू दे."

"आन तिथं जाऊन ती इसरली तर? घाबरली तर?"

"म्हनून तर दिवसभर सराव केला."

५

रामराव पाटलानं बद्रीनाथला स्वतः मंठ्याच्या चौकीवर नेलं. साळूबाई, साखराबाई, नंदा आणि भुजंग दिवस उगवताना परतूरच्या वाटेला लागले. नंदाच्या अंगात धुतलेलं जुनंच पोलकं होतं; नवं बद्रीनाथनं कुठं टाकलं ते अजून कळलं नव्हतं, पण तिला त्याचं काही वाटत नव्हतं. आगगाडीत ती खिडकीला चिकटून बसली आणि जालन्याच्या टेसनावर दिसेल त्याला सांगत सुटली, "आमी जेलात चाललो! माझ्या बाला भेटायला!" साळूबाईनं पहिल्यांदा पदरानं तोंड झाकलं. मग तिनं पदर सोडून दिला.

जेलाच्या दारात दार खणकन लागलं, तेव्हा दचकली ती साळूबाईच. मिशीवाला शिपाई होता. नंदानं त्याला विचारलंच, "तुमाला पोरगी हाय?" तो गडबडला आणि म्हणाला, "तीन आहेत बेटी." साखराबाईनं जेलच्या दारोगासाहेबांना सगळी हकीकत सांगितली होती. ते स्वतः मुलाखतीच्या खोलीत येऊन उभे राहिले.

गजांपलीकडं पुंजाराम आला. खंगलेला, डोक्याचा गोटा. नंदा हसली नाही. ती थोडा वेळ बघत राहिली. मग तिनं बाजेमागच्या माणसांना विचारायची तसंच विचारलं, "तू बा हायेस?"

"व्हय गं."

"मंग कान दे."

तो गुडघ्यांवर बसला आणि त्यानं गजांना कान लावला. नंदा बराच वेळ कुजबुजत होती. साळूबाईला पुंजारामचा चेहरा दिसत होता. तो आधी हसरा होता. मग तो दगडासारखा झाला. मग त्यानं दोन्ही हातांनी गज धरले.

"तू दिलीस?" तो कसाबसा म्हणाला. "माझी चकमक तू दिलीस?"

"तूच मागितली ना? बद्रीकाका म्हनले, बा घरी इसरला, रानात पाहिजे, दे. आन मायला सांगू नको, ती बाला रागवंल. बा आला की त्यालाच सांग." नंदाच्या कपाळावर आठी पडली. "मी चुकले का?"

"न्हाई!" पुंजाराम घाईनं म्हणाला. "न्हाई गं माय. बाचं काम होतं, बाच्या पोरीनं बराबर केलं. मी कुनाला पाठवलं न्हवतं साहेब," तो दारोगांकडं वळला. "त्या दिवशी बद्रीनाथनं रानात माझ्याकडं विस्तव मागितला. मी म्हनलं, चकमक घरी राह्यली."

दारोगासाहेबांनी कारकुनाला बोलावून दोघांचे जबाब टिपायला लावले. त्यावरून पुढं अदालतीचं चक्र फिरलं, बद्रीनाथला सजा लागली आणि उन्हाळ्यात पुंजाराम घरी आला. पण साळूबाईच्या मनात त्या घडीला दुसरंच काही उसळलं होतं.

"चकमक घरी राह्यली व्हती, हे अदालतीत काहून न्हाई सांगितलं?" तिनं विचारलं. "दोन साल मी जीव जाळला. एक बोल बोलला असतात!"

पुंजारामनं गज सोडले.

"घरातली चकमक घरच्याच हातानं भाईर गेली असनार, असं वाटलं मला," तो म्हणाला. "त्याच हप्त्यात मेंढरांच्या वाटनीवरून भुजंगचं आन माझं वाजलं व्हतं. मी बोललो असतो तर त्याला धरलं असतं. आईनं एक गमावला तो गमावला, दुसरा कशाला?"

साखराबाईनं, जिची जीभ कधी थांबत नसे, तोंड फिरवून डोळे पुसले.

"कुठाय तो?" पुंजारामनं विचारलं. "आलाय?"

"भाईर हाय. दाराशी बसलाय. तुमी कधी बोलावलं न्हाई, म्हनून आत यायला धजत न्हाई," साळूबाई म्हणाली.

"बोलवा त्याला. साहेब, इजाजत असंल तर. जल्दी बोलवा."

शिपाई गेला. भुजंग आला तो दारातच अडखळला. भावाचा गोटा आणि गज बघून त्याला पुढं येता येईना, मागंही जाता येईना. दोघंही मोठी माणसं, आणि एकालाही सुरुवात कशी करायची ते ठाऊक नव्हतं.

नंदानं जाऊन त्याचं बोट धरलं. आता या खोलीतली सगळी रीत तिला पाठ होती.

"काका, हितं उभा राहा," ती त्याला ओढत म्हणाली. "हितून बा नीट दिसतो."